‘आयर्विनला किती?’ : सरकारी आकड्यांवर शहरासाठी अ‍ॅप करायला निघालेल्या चौघांना

प्रश्न थोडक्यात असा: सांगली-मिरजेतले अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे चौघे मित्र. महापालिकेची आणि सरकारची खुली माहिती घेऊन शहरासाठी एक अ‍ॅप करायचं आहे. त्यात घंटागाडी, नळाच्या पाण्याची वेळ, पूर, बाजारभाव, तक्रारी, सगळंच हवं. ‘एपीआय कुठं मिळेल आणि सुरुवात कुठून करावी?’

उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

एपीआयचा, म्हणजे आपल्या प्रोग्रामला थेट माहिती देणाऱ्या सोयीचा, पत्ता देण्याआधी मीच एक विचारतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरात २०१९ ला पाणी आलं होतं? ज्याच्या आलं असेल त्यानं आठवावं, त्या ऑगस्टमध्ये घरातली माणसं दिवसातून किती वेळा ‘आयर्विनला किती?’ म्हणत होती. म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे. सांगलीत या प्रश्नाला ‘पाणी’ जोडावं लागत नाही, ‘फूट’ही नाही. पुण्यात नोकरीला असलेली लेक आईची खुशाली विचारायच्या आधी हे विचारते. अ‍ॅप करायचं ते असल्या प्रश्नावर, जो लोक आधीपासून विचारतायत. ‘नागरिकांना माहितीद्वारे सक्षम करणे’ हे फक्त हॅकॅथॉनच्या फलकावर लिहिलेलं असतं, टपरीवर ते कुणी विचारत नाही.

म्हणून ‘सगळं एकात’ हा बेत आधी सोडा. मी स्वतः तसलं एक करून बसलोय. सात विभाग, सुंदर चिन्हं, उद्घाटनाला पेढे. पुढच्या पावसाळ्यात ते माझ्याच फोनमध्ये नव्हतं. सात विभागांना सात ठिकाणांहून माहिती लागते आणि प्रत्येक ठिकाणी ती भरणारं एक माणूस असतं. त्यातल्या एकाची बदली झाली की तुमचा एक विभाग गोठतो. लोकांना एक विभाग शिळा दिसला की उरलेल्या सहांवरचाही विश्वास उडतो.

तर एकच प्रश्न घ्या. मी पुराचाच घेऊन सांगतो, कारण माझे हात त्यात पोळलेत.

आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. हे दोन आकडे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ. पण सूर्यवंशी प्लॉट किंवा कर्नाळ रोडच्या सखल भागातली घरं ४० ची वाट बघत नाहीत, त्यांची भांडीकुंडी त्याच्या कितीतरी आधी हलतात. उलट गावभागातल्या उंचवट्यावरचा माणूस ४५ ला निवांत असतो. सरकारी पातळी शहराची असते आणि माणसाला हवी असते आपल्या उंबऱ्याची. तुमच्या अ‍ॅपला काही काम असेल तर ते या दोहोंच्या मधलं. नुसता आकडा दाखवणारी पानं ढीगभर आहेत. ‘माझ्या गल्लीच्या तोंडाला पाणी कितीला लागतं’ हे सांगणारं मिळत नाही.

हे काढायचं कसं? इंजिनिअर पोरं इथं हमखास एकच चूक करतात, उपग्रहावरून केलेला उंचीचा फुकट नकाशा उतरवून घेतात. त्याच्या चौकटी ३० मीटरच्या आणि उंचीतली चूक काही मीटरची. आपल्याकडे एका फुटावर चार गल्ल्यांचं नशीब ठरतं. त्यापेक्षा टेप घ्या आणि गल्लीत जा. २००५ ला पातळी ५३ फुटांच्या वर गेली होती, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला ५५ च्या आसपास. या तिन्ही पुरांच्या खुणा भिंतींवर आहेत, काहींनी तर रंगानं रेघ मारून ठेवलीय. २०१९ ला उंबऱ्यावर चार फूट पाणी होतं, म्हणजे साधारण ५३ ला पाणी उंबऱ्याला टेकणार. इतकी सोपी वजाबाकी. दोन पुरांच्या खुणांवरून वेगवेगळं उत्तर आलं तर दोन्ही लिहा आणि कमी असेल ते दाखवा. गटारातून किंवा नाल्यातून पाणी उलटं चढतं तिथं ही वजाबाकी फसते, म्हणून प्रत्येक गल्लीत एक प्रश्न जास्तीचा विचारायचा: पाणी रस्त्यानं आलं की मोरीतून? शेरीनाल्याच्या बाजूला हा प्रश्न विसरलात तर सगळी मोजणी पाण्यात.

ही गल्लीनिहाय यादी कुठल्याच पोर्टलवर मिळणार नाही. ती तुम्हीच तयार करायची आणि सगळ्यांना खुली ठेवायची.

आता हात कसे पोळले ते. २०२१ च्या जुलैत आमचं साधं पान चालू होतं. ज्या सरकारी पानावरून आम्ही पातळी उचलत होतो, तिथं एका रात्री नवी नोंद येणं थांबलं. आमचा प्रोग्राम इमानदारीत दर पाच मिनिटांनी तिथं जाऊन तोच जुना आकडा आणत राहिला आणि खाली लिहीत राहिला, ‘५ मिनिटांपूर्वी अद्ययावत’. खोटं काहीच नव्हतं, आम्ही खरंच पाच मिनिटांपूर्वी गेलो होतो. फक्त नदीचा आकडा आदल्या संध्याकाळचा होता. आमच्याच ओळखीच्या एक काकू त्यावर भरवसा ठेवून झोपल्या. पहाटे पाणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीला. माणसं सुखरूप निघाली, फ्रीज, गाडी आणि वर्षाचं धान्य गेलं. नंतर मी माफी मागायला गेलो तर त्या एवढंच म्हणाल्या, “अरे, पाच मिनिटांपूर्वीचं आहे म्हणून तूच लिहिलं होतंस ना?”

तेव्हापासून माझ्याकडचा प्रत्येक आकडा दोन वेळा बरोबर घेऊन फिरतो: मोजला कधी आणि आम्ही आणला कधी. वाचणाऱ्याला फक्त पहिली वेळ दाखवायची. मोजलेली वेळ मूळ ठिकाणी दिलेलीच नसेल तर तसं स्पष्ट लिहायचं. पुराच्या दिवसांत आकडा तीन तासांहून जुना झाला की तो मोठ्या अक्षरांत दाखवायचाच नाही, तिथं ‘नवी नोंद आलेली नाही, आपत्ती कक्षाला फोन करा’ असं यायला हवं. तीन तास ही मर्यादा माझी, तुम्ही दोन धरा. पण मर्यादा हवीच. तुमच्या सगळ्या कोडमध्ये हे सर्वांत आधी लिहा, नकाशा आणि रंगसंगती नंतर.

तसंच एककांचं. आयर्विनची पातळी फुटांत आणि इंचांत, पुलाजवळच्या पट्टीच्या शून्यापासून. केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रांची पातळी मीटरमध्ये, समुद्रसपाटीपासून. पहिला आकडा ०.३०४८ नं गुणला की दुसरा मिळेल असं समजून एका हुशार मुलानं आलेख काढला होता, सांगली कोकणात गेली. पट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून कितीवर आहे ते अधिकृतपणे हातात येईपर्यंत दोन्ही आलेख वेगळे ठेवा. वाढ आणि घट मात्र बदलून मांडता येते, एक फूट चढलं म्हणजे साडेतीस सेंटिमीटर. आणखी एक बारीक गोष्ट: ४० फूट ६ इंच म्हणजे ४०.६ फूट नव्हे, ४०.५. हा घोटाळा मी छापील बातम्यांतही पाहिलाय.

टीएमसी आणि क्युसेक यांचीही अशीच सरमिसळ होते. टीएमसी म्हणजे साठा, एक अब्ज घनफूट पाणी; क्युसेक म्हणजे वेग, सेकंदाला एक घनफूट. ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिले की एक टीएमसी होतो. कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. तिथून एक लाख क्युसेक चोवीस तास सुटले तर खाली येतात साधारण साडेआठ टीएमसी. हा हिशेब पानावर लिहून ठेवा, अफवा निम्म्या होतात. पण त्यावरून ‘उद्या आयर्विनला इतके’ असं भाकीत मात्र करू नका. कोयनेखालच्या मोकळ्या पाणलोटातही पाऊस पडतो. वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते आणि ती फुगली की वरचं पाणी तुंबतं. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर बोलायला बसलो तर एक वेगळी रात्र लागेल. भाकीत ज्यांचं काम आहे त्यांना करू द्या. केंद्रीय जल आयोगाचं २०२३ मध्ये आलेलं ‘फ्लडवॉच इंडिया’ अ‍ॅप आहे, त्याचा दुवा द्या. तुम्ही फक्त दाखवा की गेल्या तीन तासांत तासाला किती इंच चढलं की उतरलं. लोक उरलेलं स्वतः ओळखतात, तीन पूर बघितलेत त्यांनी.

आता तुमची एपीआय. भारतात खुल्या माहितीचं राष्ट्रीय धोरण २०१२ सालचं आणि केंद्राचं ‘डेटा डॉट गव्ह डॉट इन’ हे पोर्टलही त्याच वर्षीचं. २०१७ साली त्यासाठीचा सरकारी परवानाही आला. माहिती वापरा, विकाही, पण स्रोत सांगा आणि सरकारनं तुम्हाला पाठिंबा दिलाय असं भासवू नका, असा त्याचा मतलब. पुणे महापालिकेनं स्वतःचं खुल्या माहितीचं पोर्टल केलं. पण पोर्टलवर काय आहे हे बघून विषय निवडू नका. दुकानात स्वस्त मिळालं म्हणून एकाच पायाचा बूट घेण्यासारखं होतं ते.

हात बसवायला मात्र एक चांगली जागा सांगतो: केंद्राच्या त्या पोर्टलवर बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयनं मिळतात. सांगलीच्या पोराला हळदीचा भाव सोडून दुसरं काय सुचावं! किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव येतात. शेतकऱ्याला पहिले दोन दाखवून फसवू नका, कमाल भाव दोन पोत्यांनाच मिळालेला असू शकतो. आणि सौदा बंद असलेल्या दिवशी तुमचं पान काय दाखवतं ते तपासा. परवाचा भाव आजच्या तारखेखाली आला तर समजा, काकूंची गोष्ट पुन्हा घडली.

एपीआय सोडलं की खरी वस्ती सुरू होते: पीडीएफ, स्कॅन केलेला कागद, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा फळ्याचा फोटो. मराठी पीडीएफमध्ये एक जुनं भूत आहे. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी हे फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या सामायिक संगणकी संकेताच्या, आधीचे. पडद्यावर ‘सांगली’ दिसतं, कॉपी केलं की रोमन अक्षरांची खिचडी हाती येते. यासाठी रूपांतरक मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा वेगळा, आणि जोडाक्षरांवर ते हमखास अडखळतात. मी पहिल्या शंभर ओळी हातानं तपासल्याशिवाय पुढं जात नाही.

युनिकोड असलं तरी सुटका नाही. ‘कऱ्हाड’ घ्या. यातला ‘ऱ्ह’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो, डोळ्यांना सारखाच दिसतो आणि शोधायला गेलं की सापडत नाही. त्यात निम्मे लोक ‘कराड’ लिहितात. ‘वखारभाग’ एकदा जोडून, एकदा तोडून. शामरावनगरचं तर विचारूच नका. पहिल्याच दिवशी नावांचा एक तक्ता करा, एका ठिकाणाला एक क्रमांक आणि त्याखाली त्याची सगळी रूपं. गावांसाठी केंद्र सरकारच्या स्थानिक संस्था निर्देशिकेतले क्रमांक आयते आहेत, तेच वापरा. आकडेही तपासा, काही कागदांत ‘५’ असतो आणि काहींत इंग्रजी पाच, एकाच रकान्यात.

‘प्रभाग’ या शब्दापासून जपून राहा. आपल्याकडे निवडणुकीचे प्रभाग २० आणि नगरसेवक ७८. कामकाजाच्या प्रभाग समित्या चार. एखाद्या कागदावर ‘प्रभाग ३’ दिसलं तर कोणता तीन हे विचारल्याशिवाय नकाशावर चिकटवू नका. शिवाय निवडणुकीच्या हद्दी बदलत राहतात. म्हणून मी ठिकाण साठवतो ते अक्षांश-रेखांशानं. प्रभाग कुठला हे दाखवायच्या वेळी काढतो. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा घ्या, तो लोकांनीच मिळून भरलेला खुला नकाशा आहे, आणि श्रेय द्या. गल्ल्यांची नावं त्यात कमी असतील तर तक्रार न करता भरून टाका, पुढच्याला मिळतील.

जी माहिती कुठंच प्रसिद्ध नाही, तिच्यासाठी माहिती अधिकार. २००५ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे बरीच माहिती न मागता जाहीर व्हायला हवी, हे अर्जात नम्रपणे आठवून द्या. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. पोरं इथं भावनेच्या भरात निबंध लिहितात. अर्जात फक्त हे लिहा: अमुक नोंदी, अमुक काळातल्या, ज्या फाइलमध्ये आहेत त्याच स्वरूपात. कायद्यात इलेक्ट्रॉनिक रूपात माहिती मागायचा हक्क आहे, तिथं फ्लॉपीचासुद्धा उल्लेख आहे. मला एका कार्यालयानं एक्सेलमधली यादी छापून, शिक्के मारून, पुन्हा स्कॅन करून सीडीवर दिली होती. सीडी वाचायला मशीन शोधण्यात आठवडा गेला. पुढच्या वेळी अर्ज टाकण्याआधी मी ती यादी भरणाऱ्या लिपिकबाईंना जाऊन भेटलो. त्यांना महिन्याला हाच तक्ता तीन वेगवेगळ्या नमुन्यांत वर पाठवावा लागायचा. आम्ही एक छोटं साधन करून दिलं, एकदा भरलं की तिन्ही नमुने तयार. त्यानंतर माहितीसाठी अर्ज टाकायची वेळ आली नाही, साहेबांच्या सहीचं एक पत्र मात्र आम्ही मागून घेतलं. ते घ्याच. तोंडी परवानगी बदलीबरोबर जाते.

नळाच्या पाण्याचंही असंच. वेळापत्रक कागदावर असतं, पण पाणी येतं ते व्हॉल्व्हमनच्या हातानं. कुठं वीज गेली, कुठं पाइप फुटला, हे त्याला आधी कळतं. आम्ही त्याला फॉर्म दिला, भरला नाही. अ‍ॅप दिलं, उघडलं नाही. शेवटी ठरलं, त्यानं व्हॉल्व्ह फिरवला की एका नंबरला मिस्ड कॉल द्यायचा. सायकलवर बसल्या बसल्या जमतं. तेवढ्यावर चार गल्ल्यांचं पाणी आजही कळतं. चारच गल्ल्या, हो. पण कळतं.

एक इशारा. संकेतस्थळावर उघडी पडलेली प्रत्येक यादी ही खुली माहिती नसते. घरपट्टीच्या थकबाकीदारांची नावं, मतदारयाद्या, तक्रारदारांचे फोन नंबर हे उचलून शोधता येईल असं मांडणं म्हणजे लोकांच्या घरात डोकावणं. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहेच. तो नसता तरी करू नका. पूरग्रस्तांचे पंचनामे तर अजिबातच नाहीत.

लोकांपर्यंत न्यायचं कसं? अ‍ॅप स्टोअरवर नको. पुरात वीज जाते, टॉवर रडतखडत चालतो, चार्जिंग वीस टक्के असतं, अशा वेळी कोण अ‍ॅप उतरवून घेतं? पन्नास केबीच्या आत बसणारं एक पान करा, चित्रांशिवाय. त्याच्याच शेजारी व्हॉट्सअ‍ॅपवर पुढं ढकलता येईल अशी एक ओळ, मजकूर म्हणून: आयर्विन, इतके फूट इतके इंच, मोजलं किती वाजता, चढतंय की उतरतंय. वेळ त्या ओळीतच हवी, कारण ढकलत ढकलत ती दुसऱ्या दिवशीही फिरत राहते. मूळ पानाची प्रत्येक आणलेली प्रतही जपून ठेवा. सरकारी पानावर जुना आकडा पुसून नवा येतो आणि दोन वर्षांनी ‘तेव्हा किती वाजता किती होतं’ हे कुणाकडंच नसतं. मूळ पानावर सेकंदाला धाडी घालू नका, दहा मिनिटांनी एकदा पुरे. ते सर्व्हर आधीच दमलेले असतात.

अमेरिकेतला एकच किस्सा सांगतो, तोही कामापुरता. बॉस्टनमध्ये बर्फात अग्निशमनाचे नळ गाडले जायचे. २०११ च्या सुमारास तिथं एक साधं अ‍ॅप झालं: नकाशावर आपल्या दारातला नळ दत्तक घ्या आणि बर्फ पडला की उकरून काढा. तेच कोड होनोलुलूनं उचललं, त्सुनामीच्या भोंग्यांवर लक्ष ठेवायला. एवढंसं काम, म्हणून दुसऱ्या शहराला ते उचलता आलं. तुमची पातळी-गल्लीची यादी नीट झाली तर कोल्हापूरवाल्यांना पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीसाठी तीच मांडणी चालेल. त्यांना सांगू नका की सांगलीकरांनी केलीय, उगाच वाद.

चौघं आहात, तर कामं अशी वाटा. एकानं आकडा आणायचा आणि दोन्ही वेळा साठवायच्या. एकानं नावांचा तक्ता. एकानं कार्यालयात जायचं, आणि जो बोलका आहे त्यानंच जायचं. चौथ्यानं रविवारी सकाळी टेप आणि वही घेऊन दत्तनगरपासून सुरुवात करायची, बरोबर शक्यतो तिथलाच कुणी घ्या. दार उघडलं की ‘अ‍ॅप करतोय’ म्हणू नका. ‘२०१९ ला तुमच्याकडं पाणी कुठपर्यंत आलं होतं, दाखवता का?’ एवढंच विचारा आणि खुणेपाशी टेपचं टोक मावशींच्याच हातात द्या.